समाजवाद आमच्याकडे पोहे खायला आला

पिंपरी,
ऑक्टोबर १९७३

ती. कस्तुराआत्यास,

शालनचा दोन्ही हात जोडून सप्रेम जय भीम. (पाया पडते असं लिहिणार होते, पण पाया पडलेलं तुला आवडत नाही. मागच्या खेपेला वाकले तर पाठीत धपाटा घातला होतास.)

आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. कोण किती खुशाल आहे ते पुढे कळेलच. तुझा गुडघा कसा आहे? दवाखान्यात बायकांना शेक घ्या, तेल चोळा म्हणून दरडावतेस आणि स्वतः मात्र नारायणगावच्या चढावर सायकल हाणतेस, हे आईला कुणीतरी सांगितलंय. तो नवा डॉक्टर अजून तुला विचारल्याशिवाय इंजेक्शन देत नाही ना? शेळी व्याली का? एक करडू आमच्यासाठी ठेव असं आई म्हणते. ते बांधायचं कुठे, हे मात्र ती सांगत नाही. दोन खोल्यांत आम्हीच एकमेकांना ओलांडून जातो.

पत्राला तसं काही विशेष कारण नाही. सहज आठवण आली. (सहज आठवण आली म्हणून मी इतकी पानं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी सध्या तसंच समज.) आता आठवण आलीच आहे तर सांगून टाकते, की दादांनी जाहीर केलंय, दिवाळीनंतर शालनचं कॉलेज बंद. सहामाही परीक्षा द्यायची आणि घरी बसायचं. मी एस. वाय.ला आहे आत्या. आणखी दीड वर्ष आणि मी बी. ए. होते. आपल्या ओव्हाळांत आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. मी चढले, तर आता वरून खाली उतर म्हणतात. तू म्हणशील, आमचा सोपान असं कसं म्हणाला? त्यानेच तर मुलीला खांद्यावर घेऊन शाळेत नेलं होतं. म्हणून हकिगत मुळापासून सांगते, म्हणजे दोष कुणाचा ते तुला ठरवता येईल. माझा नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

आमच्या कॉलेजात समाजवादी विद्यार्थी मंडळ नावाची एक संस्था आहे. कँटीनच्या चहाचा भाव वाढला तेव्हा या मंडळाने सत्याग्रह केला होता. सगळ्यांनी घरून चहा आणून कँटीनच्या दारात बसून प्यायचा. मी पिंपरीहून लोकलने येते, माझा चहा शिवाजीनगरपर्यंत गार होतो, तरी मी तो न कुरकुरता प्यायले. हे निरुपमा नावाच्या मुलीने बघितलं आणि मला अभ्यासवर्गाला ओढून नेलं. निरुपमाचा बंगला प्रभात रोडला आहे, पण ती खादीची साडी अशी चुरगाळून नेसते की कुणाला संशय येऊ नये. अभ्यासवर्ग देवस्थळी सरांच्या घरी भरतो. सर अर्थशास्त्र शिकवतात. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाने वडील काय करतात ते सांगायचं होतं. कुणाचे वकील, कुणाचे डॉक्टर. एकाचं साड्यांचं दुकान होतं, ते त्याने फार हळू सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘कामगार. पिंपरीला कंपनीत.’ आत्या, सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. एकाने हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं काहीतरी भलतं बोलून गेले. मग कळलं, ही माणसं दोन वर्षं कामगारावर बोलत होती आणि कुणाला तो जवळून बघायला मिळाला नव्हता.

तेव्हापासून माझा भाव वधारला. कुठलाही वाद अडला की सगळे माझ्याकडे वळून विचारायचे, शालन, कामगारांना याबद्दल काय वाटतं? मला एकाच कामगाराची मतं माहीत. आमटी पातळ असावी, रेडिओ मोठ्याने लावावा आणि साहेब चांगला असला तरी साहेबच असतो, ही ती मतं. मी तीच फिरवून फिरवून सांगायचे आणि देवस्थळी सर डोळे मिटून ऐकायचे. मंडळाचा पुढारी श्रीनिवास तर वहीत लिहून घ्यायचा. या श्रीनिवासाने आडनाव टाकून दिलंय. आडनावातून जात कळते म्हणून. विचार चांगला आहे, पण कॉलेजात दुसरा एक श्रीनिवास आहे, तो काचा फोडतो आणि त्याचा दंड दर खेपेला आमच्या श्रीनिवासाकडे मागतात. तो बिचारा सगळ्यांना समजावत बसतो.

तर भाद्रपद संपता संपता मंडळाने ठरवलं की आता कामगाराशी थेट संवाद करायचा. कुठे? शालनच्या घरी. रविवारी चार वाजता सर, श्रीनिवास आणि निरुपमा येतील, मी चाळीतले चार-पाच कामगार जमवून ठेवायचे. मी फुशारकीने हो म्हटलं. दादांना सांगितलं, रविवारी कॉलेजातली माणसं येणार आहेत. दादा रेडिओवर बातम्या ऐकत होते. ते म्हणाले, हं. (आमच्या घरात ‘हं’ ही परवानगी धरतात, पण ती परवानगी नव्हती असं मागाहून कळतं.)

शनिवारी पहिली पाळी करून दादा घरी आले आणि बूट सोडता सोडता म्हणाले, उद्या चार वाजता खडकीची मंडळी तुला बघायला येणार. स्थळ धोंडीबाकाकांनी आणलेलं. धोंडीबाकाका म्हणजे दादांच्या शेजारच्या मशीनवर असतात ते, मिशीवाले. मुलगा शिकलेला, खडकीला नोकरी, वडील मास्तर, घर सुधारकी. दादांनी मंडळींना कधी बघितलेलं नव्हतं, धोंडीबाकाकाच त्यांना घेऊन येणार होते. मी म्हटलं, दादा, माझं शिक्षण? तर म्हणाले, अगं नुसतं बघून जातील, बघायला काय जातंय? (आम्हाला दूध घालणाऱ्या गिरजाबाई म्हशीचं गिऱ्हाईक आलं की असंच म्हणतात.)

आता मंडळाला निरोप कसा द्यायचा? चाळीत फोन नाही. शेवटी रविवारी आईने मला तिची मोतिया साडी नेसवली, वेणी घातली, आणि ती पोहे भिजवायला वळली तशी मी मागच्या दाराने निसटून मुंबई-पुणे रस्त्यावर बसच्या थांब्याशी जाऊन उभी राहिले. मंडळ बसने येईल, उतरलं की तिथूनच परत पाठवायचं, असा बेत. डोक्यात गजरा, पायात आईच्या चपला. ट्रकवाले हॉर्न वाजवून जात होते. चार वाजून गेले तरी मंडळाचा पत्ता नाही. आणि असणार कुठून? मंडळ लोकलने आलं, पिंपरी स्टेशनला उतरलं आणि चालत चालत पलीकडच्या गल्लीतून आमच्या दारात पोचलं, कारण कामगार वस्तीत पायीच शिरावं असं श्रीनिवासाचं मत आहे. मी इकडे हमरस्त्यावर पहारा देत बसले आणि क्रांती मागच्या गल्लीने घरात शिरली. तिकडे धोंडीबाकाका खडकीला निघाले होते, त्यांच्या सायकलची चेन दापोडीपाशी तुटली. म्हणजे कोण कोणता पाहुणा हे ओळखणारं माणूसच घरात उरलं नाही.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, आईने सांगितलंय. दादा टेरिलीनचा शर्ट घालून दारात उभे. समोरून खादीतले, चष्मेवाले, वयस्कर गृहस्थ आले (मास्तर!), बरोबर दाढीचे चार केस वाढवलेला शिकलासवरला मुलगा (हाच तो!), आणि झोळी घेतलेली गंभीर चेहऱ्याची मुलगी (नवऱ्या मुलाची बहीण!). दादा म्हणाले, या मास्तर, घर सापडायला त्रास नाही ना झाला? देवस्थळी सरांना आयुष्यभर कुणीही मास्तर म्हणतं, ते हसून आत आले. दादांनी शेजारून दोन लोखंडी खुर्च्या मागून आणल्या होत्या. पाहुणे त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता थेट सतरंजीवर मांडी घालून बसले. दादांचा ऊर भरून आला. मुलाकडची माणसं आणि जमिनीवर!

मग निरुपमाने प्रश्न काढले. कामगाराच्या घरी गेल्यावर काय विचारायचं ते मंडळाने आधीच ठरवलं होतं. घरात माणसं किती, कमावतं कोण, पगार किती, नोकरी कायम की टेंपररी, जागा स्वतःची की भाड्याची, डोक्यावर कर्ज आहे का, घरात कुणी पितं का. आता मला सांग आत्या, मुलाकडचे याहून वेगळं काय विचारतात? दादांनी सगळ्याची खणखणीत उत्तरं दिली. पिण्याचा प्रश्न आला तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून छे छे म्हणाले. (आतून आई खोकली. होळीला दादा पिऊन आले होते, ते ती विसरलेली नाही.) मग दादांनी विचारलं, मुलाचं नाव? श्रीनिवास. आडनाव? तर श्रीनिवास ताठ बसून म्हणाला, आम्ही आडनाव लावत नाही. दादांना हे जरा नवीन होतं, पण धोंडीबाने घर सुधारकी आहे असं सांगितलं होतं, त्यात हे बसलं. नोकरीचं काय? शिक्षण संपलं की पूर्णवेळ कार्यकर्ता होणार. पगार? पगार नाही, मंडळ जेवायला घालेल. दादा पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि आईच्या कानात म्हणाले, ‘पोरगं घरजावई व्हायच्या तयारीनं आलंय.’

एवढ्यात मी मागच्या दाराशी पोचले. गिरजाबाई चहासाठी जादा दूध घालायला आल्या होत्या आणि दारातच थबकून आत डोकावत होत्या. त्या म्हणाल्या, ‘व्हय गं शालन, ह्ये पावनं हायेत का मोर्चा? त्या पोरीच्या झोळीत झेंडा हाय की.’ यावर मी विचार करायच्या आत आईने दात-ओठ खात माझ्या डोक्यावर पदर ओढला, हातात पोह्यांचा ट्रे दिला आणि बाहेर ढकललं. मान खाली घालून जायचं असतं म्हणून मला आधी पाय दिसले. त्यातल्या एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. ही चिंधी माझ्या ओळखीची होती. आधीच्याच आठवड्यात फीवाढीच्या मोर्चात श्रीनिवासाच्या अंगठ्यावर आमच्याच कार्यकर्त्याची सायकल गेली होती. मी मान वर केली. समोर सबंध मंडळ.

तेवढ्यात श्रीनिवास ताडकन उठला. बाईने वाढायचं आणि पुरुषांनी बसून खायचं हे त्याला बघवत नाही. त्याने ट्रे माझ्या हातून काढून घेतला, ‘शालन, तू बस, मी वाढतो’ म्हणाला आणि खरोखरच सगळ्यांना वाढलं. दादांना वाढलं. मग आईला आतून बोलावलं, तिला लोखंडी खुर्चीवर बसवलं आणि तिच्या हातात बशी दिली. आत्या, लग्न झाल्यापासून आईला कुणी पुरुषाने बशी भरून दिली नव्हती. ती सांगते, त्या क्षणी तिचं ठरलं. आडनाव नसेना का, पगार नसेना का, जावई हाच. दादा तर घास हातात धरून बघत राहिले होते. त्यांना आनंद झाला होता की धक्का बसला होता, ते मला अजून समजलेलं नाही.

मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि दार वाजलं. दारात खरी मंडळी. मारुतराव मास्तर, काळा कोट, डोक्यावर टोपी. मागे त्यांचा मुलगा यशवंत. धोंडीबाकाकांची वाट बघून बघून ते आपले आपण पत्ता विचारत आले होते. श्रीनिवासाला वाटलं, मी जमवलेले कामगार आले. तो दोन्ही हात पसरून म्हणाला, या साथी या, आम्ही तुमचीच वाट बघत होतो! आणि दादांना आठवलं, शालन म्हणाली होती, रविवारी कॉलेजवाले येणार. टोपीवाले म्हणजे प्रिन्सिपॉल. दादा लगबगीने पुढे झाले, मारुतरावांचा दंड धरून त्यांना कोपऱ्यात पत्र्याच्या ट्रंकेवर बसवलं आणि हळूच म्हणाले, सर, आज जरा पोरीचे पाहुणे आहेत, तुम्ही इथं बसा. पोहे तोवर संपत आले होते. मारुतराव आणि यशवंत यांच्यात मिळून एक बशी आली.

आता देवस्थळी सरांनी चष्मा पुसला आणि मारुतरावांकडे वळून अगदी मायेने म्हणाले, तुमचं म्हणणं काय ते निःसंकोच सांगा, आज तेच ऐकायला जमलोय. मारुतरावांना बरं वाटलं. (मारुतराव हुंड्याच्या कडक विरोधात आहेत, खडकीला त्यावर भाषण करतात. आपल्यात आता हुंडा नाही आत्या, आपल्यात आता हौस आहे.) ते म्हणाले, आमचं काही फार नाही, कपड्यांचे दोन जोड, एक घड्याळ आणि जाण्यायेण्याचा खर्च. सर कळवळले. एवढंच? म्हणाले, तुम्ही भिडेपोटी बोलताय. दोन जोड कसे पुरतील, चार मागा! नुसता खर्च काय, महिन्याचा पास मागा! आणि एकट्याने मागू नका, सगळे मिळून मागा, समोरच्याला द्यावंच लागेल! मारुतरावांनी आयुष्यात अशी मुलीकडची माणसं बघितली नव्हती. त्यांचा चेहरा फुलत चालला. तिकडे दादांना घाम फुटला. प्रिन्सिपॉल कपडे मागतोय आणि व्याही त्याला आणखी माग म्हणतोय! ते काकुळतीने म्हणाले, ‘सर, पण फी तर पूर्ण भरलीय की!’

श्रीनिवासाने यशवंताला धरलं होतं. किती तास काम, फोरमन कसा आहे, काही दडपण आहे का? या यशवंताने आधी श्रीनिवासाकडे बघितलं, मग दादांकडे, मग माझ्या गजऱ्याकडे. मला दिसलं आत्या, सगळ्या खोलीत एकट्या त्याला काय चाललंय ते उमगलं होतं. ओठाचा एक कोपरा हलला. पण उत्तर अगदी गंभीरपणे दिलं. दडपण आहे म्हणाला, आज सकाळपासून जरा जास्तच. श्रीनिवासाने विचारलं, कुणाचं? तर म्हणाला, वडिलांचं. ‘सरंजामी वृत्ती!’ श्रीनिवास ओरडला आणि मी पदरात तोंड खुपसलं. लाजली असं सगळ्यांना वाटलं असेल. मी हसत होते.

शेवटी कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन धोंडीबाकाका आले. त्यांनी एकदा सतरंजीकडे बघितलं, एकदा ट्रंकेकडे, आणि किंचाळले, ‘अवो मास्तर, तुमी कोपऱ्यात का बसला? आन् सोपानराव, ह्यो दाढीवाला कोन म्हनायचा?’ त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. निरुपमा म्हणाली, मुलगी दाखवणं म्हणजे बाजार. मारुतराव म्हणाले, बाजारात निदान टोपीवाल्याला ट्रंकेवर बसवत नाहीत. आपण नवऱ्यामुलाच्या बापाला मागण्या वाढवायला शिकवल्या हे लक्षात आल्यावर देवस्थळी सर बराच वेळ डोकं धरून बसले, मग उठून हुंड्याच्या विरोधात छान बोलले. पण तोवर ऐकायला रिकाम्या खुर्च्याच होत्या. जाताना यशवंत दाराशी मागे राहिला आणि मला म्हणाला, परीक्षा कधी आहे? मी म्हटलं, दिवाळीच्या आधी सहामाही, मग मार्चमध्ये वार्षिक, मग पुढच्या वर्षी बी. ए.ची. त्याने मान हलवली. म्हणाला, पोहे चांगले होते, अर्धीच बशी मिळाली. आणि गेला.

त्या दिवशी दादा जेवले नाहीत. ताट बाजूला सारून म्हणाले, दिवाळीनंतर कॉलेज बंद. घरात ही असली माणसं आणणारं शिक्षण आपल्याला नको. मी भिंतीकडे बोट दाखवलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दादांनीच पेंटरकडून लिहून घेतलंय ना, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा? तर म्हणाले, पहिला शब्द पुरा झाल्याशिवाय पुढच्या दोघांना हात लावायचा नाही, तू तिन्ही एकदम करायला निघालीस म्हणून हे झालं. (यावर काय म्हणायचं ते तुला सुचलं तर कळव.) वर मंगळवारी धोंडीबाकाकांनी खडकीचा निरोप आणला. मुलगी पसंत आहे, फक्त आता कपड्यांचे चार जोड आणि महिन्याचा पास, कारण तुमच्याच घरच्या विद्वान माणसाने तसं सुचवलं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पण मंडळ आहे ना! मी कॉलेज सुटणार असं चुकून बोलून गेले आणि कार्यकारिणीची तातडीची बैठक लागली. दिवाळीआधीच्या सोमवारी, पहिली पाळी सुटताना, दादांच्या कंपनीच्या गेटवर धरणं. नाव, ‘शालन ओव्हाळ शिक्षण हक्क कृती समिती’. मी विरोध केला. मत घेतलं. माझ्या हक्कासाठी माझ्या विरोधात सगळे, म्हणजे ठराव लोकशाही पद्धतीने पास झाला. निरुपमाने कापडी फलक रंगवायला घेतलाय, त्यावर माझं नाव दुरूनही वाचता येईल एवढं मोठं आहे. श्रीनिवास म्हणतो, व्यक्तीचा संकोच चळवळीच्या आड येता कामा नये.

आत्या, मला खरंच भीती वाटते. ज्या गेटातून दादा इतकी वर्षं मान वर करून आत-बाहेर जातात, त्या गेटवर त्यांच्या मुलीच्या नावाची पाटी घेऊन पोरं ओरडणार, आणि ती दादांच्याच विरुद्ध! सगळी पाळी बघणार. मला कॉलेज हवंय, मनापासून हवंय, कॉलेज सुटलं तर मी आतून मोडेन. पण दादांना खाली बघायला लावून मिळालेलं कॉलेज मला नको. दोन्हीकडची माणसं माझ्या भल्यासाठी भांडतायत आणि मध्ये मी पहाटे उठून अर्थशास्त्र घोकतेय.

असो. बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जप. शेळीला माझी आठवण सांग, ती तरी कुठल्या मंडळात नाही.

तुझी,
शालन

ता. क. तू दिवाळीआधीच्या शनिवारच्या एस. टी.ने ये. येच. पोहायला शिकवायला तू दादांना विहिरीत ढकललं होतंस, तेव्हापासून ते जगात फक्त तुला भितात असं आई म्हणते. त्यांना सांग, पोरीला बी. ए. होऊ दे. नंतर श्रीनिवासालाही भेट आणि धरणं रद्द कर. इंजेक्शनला भिणाऱ्या माणसाशी बोलतेस त्या आवाजात बोललीस तरी पुरे.

ता. क. दुसरा. खडकीच्या मंडळींना नाही सांगताना ‘आत्ता नाही’ असं सांग. अगदी मोडून टाकू नकोस. तो यशवंत गुरुवारी सरांकडे अभ्यासवर्गाला आला होता. सभासद झाला. नाव नोंदवताना आडनावही लावलं. चर्चा संपल्यावर सगळ्यांच्या कपबश्या त्याने विसळल्या. श्रीनिवास वाढतो खरा, पण विसळत नाही. हे मी आईला सांगितलं आणि आईने जावई बदलला. यावरून तू काही भलतासलता अर्थ काढू नकोस. कपबश्या फार स्वच्छ निघाल्या होत्या एवढंच.

ता. क. शेवटचा. घरातला डिंक संपलाय. पाकीट दादा कंपनीच्या टाइम ऑफिसात चिकटवून पेटीत टाकणार आहेत. काळजी नको, दादा दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाहीत.

अक्का, मी सोपान. मी दुसऱ्याचं पत्र वाचत नाही. पण पाकीट हाताला जड लागलं, तिकीट कमी पडेल का बघायला उघडलं. मास्तरला मी बुधवारीच सांगून आलो की चार जोड न्हाई आन् दोन बी न्हाई, पोरगी आधी बी. ए. होईल. त्याचं पोरगं आदल्याच दिवशी गेटवर येऊन मला हेच म्हणून गेलं, आपण थांबू म्हणाला. पोरगं बरं आहे. यातलं काही शालनला सांगू नको. कॉलेज बंद म्हटल्यापासून पोरगी पहाटे उठून अभ्यास करते, मोर्चाचं नाव काढत नाही. सहामाही होऊ दे, मग मी सांगतो.

आन् ते धरणं तेवढं रद्द करू नको. इतकी वर्षं या गेटवर आम्ही लोकांच्या नावानं जिंदाबाद म्हटलं, आमच्या घरातलं नाव तिथं कुणी घेतलं नव्हतं. आता माझ्या पोरीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात येतंय. मी सगळ्या पाळीला सांगून ठेवलंय, कुणी घरी जायचं न्हाई, बघून जायचं. माझ्या विरुद्ध हाय तर असू दे. पोरं पुण्याहून येतील, उपाशी असतील. म्हणून म्हणतो, येताना तुझं मोठं पातेलं घेऊन ये. मागल्या टायमाला पोहे कमी पडले.